१५८० विरुद्ध १३७७

पक्षांतर्गत निवडणूक म्हटलं की मला १९३९ची काँग्रेस आठवते. एरवी अध्यक्ष आधीच ठरलेला असायचा. त्या वर्षी मात्र सुभाषबाबू पुन्हा उभे राहिले. समोर पट्टाभी सीतारामय्या, गांधीजींच्या पसंतीचे. २९ जानेवारीला मतदान झालं आणि सुभाषबाबू २०३ मतांनी जिंकले. हा पराभव माझाच, असं गांधीजींनी जाहीर केलं. खरा खेळ इथून पुढे.

फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवर. तिथे गोविंद वल्लभ पंतांचा ठराव पास झाला: नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमायची. म्हणजे बघा, खुर्ची सुभाषबाबूंची, पण टीम त्यांची नाही! मला तर हा ठराव त्या मतदानापेक्षा मोठा वाटतो. जानेवारीत सुभाषबाबूंच्या बाजूने असलेले समाजवादी या वेळी तटस्थ राहिले.

गांधीजी तेव्हा राजकोटला होते. नंतर पत्रांवर पत्रं झाली, पण नावं सुचवायला ते तयार होईनात. तुमची कार्यकारिणी तुम्हीच नेमा, म्हणाले. ठरावाने तर तेच अडवलेलं. २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. या वेळी मतदान झालं नाही.