घाटापलीकडची शॅम्पेन

गेल्या डिसेंबरात ऑफिसातले आम्ही चौघं खांडसहून भीमाशंकर चढलो. गणेश घाटाने, शिडी घाटाने नव्हे. (चौघांपैकी दोघांच्या बायकांनी तशी शपथच घातली होती :) ) वर पोचल्यावर परत उतरायची ताकद कोणातच उरली नव्हती. मग सरळ पलीकडे एसटीने मंचर आणि तिथून पुढे नारायणगाव गाठलं. तिथे मसाला दूध पिताना आमचा नाशिकवाला सहज म्हणाला, "भारताची शॅम्पेन इथे बनायची, माहितीये का?"

मी जन्माने कर्जतकर. नारायणगाव म्हटलं की मला तमाशाचे फड आठवतात, फार तर खोडदची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण. शॅम्पेन? घरी आल्यावर दोन वीकेंड त्यातच घालवले. त्याचीच ही गोष्ट.

आधी भूगोल. डोंगर तोच, सह्याद्री. पण अलीकडे आमच्या कर्जत-खालापुरात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग इथेच रिकामे होतात आणि नारायणगावला त्याचा पाव हिस्सादेखील पोचत नाही. आमच्याकडे भात होतो, आंबा होतो, पण द्राक्षाचा वेल लावला तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी त्याला खाऊन टाकेल. पलीकडे मात्र कोरडी हवा, निचऱ्याची जमीन आणि थंडीतल्या गार रात्री. तिथला शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे त्याला झोपच नाही. (आयटीवाल्यांनी सहानुभूती बाळगावी.)

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शामराव चौगुले नावाच्या मराठी उद्योजकाने इथे फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाईन करायचं ठरवलं. त्या काळी आपल्याकडे वाईन म्हणजे गोव्याची गोड पोर्ट. शिवाय राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा, प्यायलाही परवाना लागणार! अशात चौगुल्यांनी थेट फ्रान्समधल्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेनवाल्यांचं तांत्रिक साहाय्य मिळवलं. कंपनीचं नाव इंडाज. फेसाळत्या वाईनचं नाव परदेशात 'ओमर खय्याम' आणि देशात 'मार्क्विस द पाँपादूर'. त्याच दशकात नारायणगावच्या बाटल्या विलायतेत विकल्या जाऊ लागल्या.

हे काम किती किचकट आहे ते बघा. वाईन एकदा तयार झाली की बाटलीत पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच बंद करायचं. आत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि वायू कोंडतो. दाब गाडीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट! मग महिनोन् महिने बाटल्या आडव्या. नंतर रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करायच्या, म्हणजे गाळ तोंडाशी येतो. तोंड गोठवून बूच उघडलं की गाळाचा खडा उडून बाहेर.

आता यातला पैशाचा हिशोब. नवीन वेल नीट फळायला तीनेक वर्षं. द्राक्षं वर्षातून एकदाच येतात आणि शेतकऱ्याला पैसे तेव्हाच हवे असतात. बाटली विकली जाणार वर्षाने, दोन वर्षांनी. मधला सगळा काळ पैसा टाक्यांमध्ये आणि तळघरात अडकलेला. म्हणजे धंदा वाढला की नफ्याच्या आधी कर्ज वाढतं. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट आज, आउटपुट दोन वर्षांनी आणि बफर सगळा उधारीचा.

२००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, वाईनवरचं अबकारी शुल्क माफ केलं. नाशिककडे सुला त्याच सुमारास उभी राहिली होती. बघता बघता डझनांनी वायनऱ्या निघाल्या. इंडाजही फुगत गेली. शामरावांचा मुलगा रणजित कारभारात होता, कंपनी शेअर बाजारात होती. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या कंपन्याही खरेदी झाल्या. आणि मग २००८ उजाडलं. जगभर मंदी, नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस. बाटल्या पडून राहिल्या, कर्जाचं व्याज मात्र थांबलं नाही. २००९पासून कंपनी कोसळत गेली आणि पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत गेलं. पंचवीसेक वर्षांत उभं केलेलं दोन-चार वर्षांत आटोपलं.

मला वाटलं, गोष्ट संपली. नाशिकवाला म्हणाला, "खरी गोष्ट तर इथून सुरू होते."

त्याचे मामा दिंडोरीकडचे. तेजीच्या काळात त्यांनी थॉमसनची बाग काढून दोन एकर शिराझ लावली, एका वायनरीशी करार करून. (इंडाज नव्हे, दुसरीच.) मंदी आली तशी त्या वायनरीने उचल कमी केली, मग बंदच केली. मी विचारलं, "मग बाजारात का नाही विकली?" तो हसला. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ताटात ठेवायला कोणी घेत नाही, बेदाण्यालाही नको. थॉमसनवाल्याला एका व्यापाऱ्याने फसवलं तर दुसरा असतो. शिराझवाल्याला गिऱ्हाईक एकच. मामांनी २०१०मध्ये कुऱ्हाड लावली. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक भागात बऱ्याच जणांनी वाईनच्या बागा अशाच उपटल्या.

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणे शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणे पोरं बिघडतील. पण वायनरी बुडाली तर शिराझवाल्याने माल कुठे न्यायचा, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आला नाही.

चौगुल्यांना मी नावं ठेवणार नाही. कोणी स्वप्नातही आणलं नसतं तेव्हा त्यांनी जुन्नर तालुक्यातून विलायतेला शॅम्पेन पाठवली, हे कोणी पुसू शकत नाही. त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांना 'हे इथे होऊ शकतं' हा विश्वास तिथूनच मिळाला असणार. फक्त एक वाटतं. जिथे द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असतं, तिथे त्या गिऱ्हाइकाने घेतलेलं कर्ज एकट्याचं नसतं. त्याचा हप्ता मामांसारखे लोकही भरत असतात, सही न करता.

मामांच्या त्या दोन एकरांत आता पुन्हा थॉमसन आहे. फेब्रुवारीत पेटी पाठवतो म्हणालेत. वाट बघतोय :)