लीळाचरित्राचे पाठ आणि तबकड्यांची जुळणी

देवगिरीचे यादवराज्य खलजींच्या स्वाऱ्यांत मोडले, त्या धामधुमीत म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, अशी महानुभाव परंपरा आहे. अनुयायांनी ग्रंथ स्मरणाने पुन्हा सिद्ध केला. परंतु स्मरणे एकरूप नसल्याने पाठभेद उत्पन्न झाले. १९८८ साली पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी मांडलेल्या 'रेड' योजनेतही माहिती अनेक तबकड्यांवर विभागलेली असते. नियंत्रक बिघडला तरी मजकूर बहुधा शाबूत राहतो. हरवतो तो तबकड्यांचा क्रम व खंडांचे माप. घाईची पुनर्रचना उरलेला मजकूरही पुसू शकते. म्हणून आधी प्रत्येक तबकडीची नक्कल घेऊन तीवरच जुळणी करतात. तेथे समता-अंकांवरून क्रम पडताळता येतो. स्मरणाला असा अंक नाही. म्हणूनच वि. भि. कोलते यांची १९७८ची संपादित आवृत्ती हाती असूनही भिन्न पाठाची प्रत्येक पोथी जपणे अगत्याचे ठरते.