पिएर सँ-मार्तँचें विवर

गुहा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें काळ्या कातळांत मनुष्यानें कोरलेलीं लेणीं उभीं राहतात. चुनखडीच्या मुलुखांत हें काम पाणी करतें. मातींतून झिरपतांना पावसाचें पाणी किंचित् आम्ल बनतें, खडकाच्या भेगांत शिरून तो विरघळवीत जातें, आणि दीर्घ काळानें डोंगराच्या पोटांत नद्या वाहूं लागतात. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वतांत असेंच एक विवर आहे. श्रोतेहो, त्याचीच हकीकत मला सांगावयाची आहे.

१९५० सालीं जॉर्ज लेपिनो यास कावळ्याच्या जातीचा एक पक्षी खडकांतील छिद्रांतून बाहेर पडतांना दिसला. पक्षी राहतो तेथें पोकळी असलीच पाहिजे! छिद्राखालीं निघाली सुमारें ३२० मीटर खोल सरळ विहीर. पुढील वर्षीं बेल्जियन पदार्थवैज्ञानिक मॅक्स कोसिन्स यांनीं पायांनीं फिरवावयाचा रहाट सिद्ध केला, व पोलादी तारेला लोंबकळत लेपिनो तळाशीं पोहोंचला.

१९५२ सालीं रहाटास विजेची जोड मिळाली. १३ ऑगस्ट रोजीं मार्सेल लुबाँ वर येण्यास निघाला. तो कांहीं मीटर चढला असेल नसेल, तोंच तार व अंगावरील पट्टे यांना जोडणारी चिमटी निकामी झाली आणि तो खडकांवर कोसळला. यंत्राचा थाट मोठा, पण प्राण अडकलेला होता त्या मुठीएवढ्या वस्तूंत.

आंद्रे मेरे हा डॉक्टर त्याच रहाटाच्या तारेवर खालीं उतरला. साहसाच्या कथांत प्रथम उतरणाराचें कौतुक होतें. मला मात्र घात झालेला ठाऊक असून उतरणाराचें धैर्य अधिक वाटतें. उपाय चालला नाहीं. सुमारें छत्तीस तासांनीं लुबाँनें प्राण सोडला. तो अवघा २९ वर्षांचा होता. देह वर नेणें अशक्य झालें, म्हणून सोबत्यांनीं तो तेथेंच दगडांखालीं ठेविला.

तरीहि १९५३ सालीं मंडळी पुन्हा उतरली, आणि भूगर्भांतील नदीच्या मागोमाग ल व्हेर्ना नांवाच्या अफाट दालनांत शिरली. त्याची उंचीच सुमारें १९० मीटर आहे. १९५४ च्या उन्हाळ्यांत, दोन वर्षांनीं, लुबाँचा देह धातूच्या पेटींतून त्याच विहिरीनें वर काढण्यांत आला.

पुढें त्या नदीपासून वीज करण्याच्या हेतूनें डोंगराच्या कुशींतून बोगदा खणला, तो १९६० सालीं ल व्हेर्नास भिडला. २०१० पासून प्रवासी त्या बोगद्यानें चालत चालत दालनांत जातात. लेपिनोची विहीर तेथून दूर, वर डोंगरमाथ्यावर आहे.