ओल्या लाकडाचे आरमार



लाकडाच्या वखारीत कधी गेला असाल, तर नुकत्याच चिरलेल्या फळ्यांची थप्पी आपण पाहिली असेल. तेथे फळीला फळी भिडवून ठेवीत नाहीत. दर दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या घालतात, आणि त्याही एकीवर एक, नेमक्या ओळंब्यात. थप्पी जमिनीपासून उचललेली, वर छप्पर, बाजू मोकळ्या. वाऱ्याने फळीस चोहोंकडून शिवावे, परंतु उन्हाने तिला भाजू नये, एवढाच या रचनेचा हेतू. इंचभर जाडीस एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. हा अवधी न दिल्यामुळे एका बलाढ्य आरमाराची काय दैना झाली, ते आज सांगावयाचे आहे.

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भित्तींत. पोकळीतले पाणी आधी जाते. तोवर लाकूड आकसत नाही. भित्तींतले सुटू लागले म्हणजे मात्र ते आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत पुष्कळ, आणि तेही सर्व दिशांनी सारखे नव्हे. म्हणूनच फळीस बाक येतो, पीळ पडतो. टोके फार लवकर वाळून तडकतात, यास्तव त्यांस रंग किंवा मेण फासतात. ओल शेकडा वीसच्या खाली उतरली, की कुजविणाऱ्या बुरशीस थारा उरत नाही. जहाजाच्या दृष्टीने सारे महत्त्व याच गोष्टीला आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांस हे ठाऊक नव्हते असे नाही. १७७१ साली आरमारखात्याचा प्रमुख झालेल्या लॉर्ड सँडविचने गोद्यांत तीन वर्षांचा लाकूडसाठा असावा, असा आग्रह धरला होता. परंतु नेपोलियनशी युद्ध जुंपले, ओकची टंचाई पडली, आणि मुरण्यास वेळ न मिळालेले लाकूड जहाजांत बसू लागले. जुलै १८१० मध्ये डेप्टफर्डच्या गोदीतून ‘क्वीन शार्लट’ हे शंभराहून अधिक तोफांचे जहाज मोठ्या थाटाने पाण्यात उतरले. समुद्रावर कामगिरीस निघण्यापूर्वीच त्याच्या अंगात कूज पसरली. अखेर १८१२ साली जेम्स सॉवर्बी या वनस्पतिशास्त्रज्ञास पाचारण करावे लागले, ते तुळयांवर उगवलेल्या अळंब्यांची जात ओळखण्यासाठी! शत्रूचा एकही गोळा न लागता जखमी झालेल्या या जहाजाची फार मोठी डागडुजी झाली. नंतर १८१६ साली अल्जियर्सवरील माऱ्यात तेच सेनापतीचे जहाज होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच १८१० सालच्या जूनमध्ये आपल्या मुंबईच्या गोदीतून जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे सागवानी जहाज पाण्यात उतरले होते. सागाच्या गाभ्यात स्वतःचेच तेलकट रक्षण असते, त्यामुळे ओकशी त्याची तुलना सर्वस्वी समान पातळीवरची नव्हे. तरीही सागाच्या बाबतीत वाळवण्याचे काम पुष्कळदा झाड उभे असतानाच सुरू होई. ब्रह्मदेशात खोडाभोवती साल व रसकाष्ठ छेदणारी खाच पाडीत. वृक्ष जागीच मरून दोन-तीन वर्षे उभा वाळे आणि मगच कुऱ्हाड चाले. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. नदीतून ओंडके वाहून न्यावयाचे, तर धीर धरल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

‘मिंडेन’ने पुढे हाँगकाँगला रुग्णनौका म्हणून सेवा केली आणि १८६१ साली ते मोडीत निघाले. त्याचे धाकटे भावंड, १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’, इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे.