नेमाची पिन : एक की अनेक?

सुटलेला बाण वाटेत खाली झुकतो. इंग्लंडच्या रॉजर अ‍ॅस्कमने १५४५ साली धनुर्विद्येवरील आपल्या ग्रंथात सांगितले, की नजर बाणावर नव्हे, लक्ष्यावर ठेवा. अंतर मनानेच जोखायचे! पुढे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी नेमासाठी धनुष्याला पिना लावल्या. १९६९ साली होलेस अ‍ॅलनला चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. अशा धनुष्यांवर तर पिना नेहमीच्याच झाल्या. अनेक पिना असल्या तर वीस, तीस, चाळीस यार्डांसाठी एकेक. सावज सरकले तरी काही फिरवावे लागत नाही. पण घाईत भलतीच पिन धरली, की हरिण जखमी होऊन तडफडते. एकाच पिनेत हा घोटाळा नाही. मात्र अंतर बदलले की ती सरकवावी लागते. तेव्हा पिन कोणतीही असो, अंतराची खात्री नसेल तर बाण सोडू नये, हेच खरे.