पणजीचं लग्न कुठे लिहिलंय?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं की आमचा आवाजही जातो, म्हणून हा भाग लिहूनही देतेय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

एका रात्री चेंबूरच्या घरी बसून मी फोनवर एका आयरिश शिपायाचं लग्न शोधून काढलं. एकोणिसाव्या शतकातला, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला. माझा त्याचा काहीही संबंध नाही, सहज गंमत. दहा मिनिटं लागली. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमध्ये लागलेल्या लग्नांच्या नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याच नावांची सूची फॅमिलीसर्चवर फुकट दिसते.

मग म्हटलं, आता आपल्या पणजीचं बघू. आजीच्या आईचं. आणि तिथेच अडकले, कारण नाव कुठलं टाकू?

आजी आज सत्त्याऐंशीची आहे. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, मुंबईत गिरणीत लागले आणि आजोळ तुटलं. आजीला आईचं सासरचं नाव माहीत आहे. माहेरचं नाव, आडनाव, गाव, काहीच नाही. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "अगं, तिला लहानपणी काय हाक मारायचे, तेवढं तरी कळू दे मला." एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आयर्लंडवाले आपली रड सांगतात तेव्हा मला थोडा राग येतो, खरं सांगते. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तरखाना जळून गेलं, हे दुःख मोठंच. पण तिथे १८६४ पासून प्रत्येक लग्नाची सरकारी नोंद आहे, कॅथलिक नसलेल्यांची तर १८४५ पासून. ती या आगीतून वाचली. पॅरिशची रजिस्टरं २०१५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट टाकली. त्यांची रड म्हणजे पान सापडत नाही. आपलं पान मुळात लिहिलंच गेलं नव्हतं.

तेही सगळ्यांचं नाही हं. चेंबूरच्या गावठाणातली माझी एक ईस्ट इंडियन मैत्रीण आहे. तिच्या पणजीचं लग्न एका दुपारी सापडलं, चर्चच्या वहीत, साक्षीदारांसकट. लग्नाची वही ठेवायचीच असा नियम कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये केला, आणि तोच नियम आयर्लंडमध्ये, वसईत आणि गोव्यात. पारशांचा विवाह कायदा १८६५ चा, त्यातही नोंदणी आहे. निकाह असेल तर काझीकडे निकाहनामा मिळू शकतो. चेंबूर कॅम्पातल्या सिंधी शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचे कागदच सीमेपलीकडे राहिले.

हिंदू लग्नाला मात्र भटजी, अंतरपाट, अक्षता आणि जेवून गेलेलं गाव पुरेसं होतं. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द होत नाही. सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं ते २००६ मध्ये, आणि तारीख होती १४ फेब्रुवारी. कोर्टालाही विनोद कळतो म्हणायचं.

म्हणजे 'लग्नाचा दाखला' शोधणंच चूक होतं. लग्नामुळे दुसऱ्या कुठल्या कागदावर काय उमटलं, ते शोधायला हवं होतं. हे कळायला मला सहा महिने लागले.

पहिला धागा आजीनेच दिला. तिची आत्या सांगायची, "सरकार लग्नं बंद करणार अशी आवई उठली, म्हणून तुझ्या आईचं घाईने उरकलं." हा सारडा कायदा. आपल्याकडे बरेच जण 'शारदा कायदा' म्हणतात आणि देवलांच्या नाटकाशी जोडतात, पण नाटक १८९९ चं आणि कायदा हरविलास सारडांच्या नावाचा. मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. मंजूर झाला १९२९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल १९३० ला. मधल्या महिन्यांत देशभर हजारो लहान मुलांची लग्नं उरकली गेली. आमची पणजी त्यातलीच, नऊ-दहा वर्षांची. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नसतात, म्हणजे तिचं लग्न नोव्हेंबर १९२९ ते मार्च १९३० च्या आतलं. कागद एकही नाही, पण पाच महिन्यांपर्यंत आलो.

मग जुन्नर तालुक्यात, पणजोबांच्या गावी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पूर्वज शोधायला लागला होता आणि 'कोतवाल बुक', 'मोडी' हे शब्द घराघरात पोचले. तेच कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची वही, मी आजीच्या जन्मासाठी काढायला लावलं. पान सापडलं! त्यावर बापाचं नाव आणि जात होती. आईसाठी रकानाच नव्हता. जातीचा दाखला बापाकडूनच येतो, त्यामुळे त्या सगळ्या शोधाशोधीतही आयांची नावं कुणाला लागलीच नाहीत.

दुसरा धागा माळ्यावर होता. तांब्याची घागर, पणजीच्या लग्नातली. चिंच लावून घासली तेव्हा काठाखाली ठोकलेली अक्षरं दिसली. एका मामाचं नाव आणि गाव. गाव जुन्नरचं नव्हतं, पारनेर तालुक्यातलं होतं. जिल्हाच वेगळा! आयरिश लोक नवशिक्यांना पहिला सल्ला देतात की नवरीच्या पॅरिशमध्ये बघा, लग्न तिच्याकडे लागतं. मी हे वाचलं होतं आणि तरी सहा महिने नवऱ्याच्या गावात फिरत होते.

तिथून आम्ही पारनेरला. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज, फी, दोन खेपा. (काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता सरकारी पोर्टलवरही दिसतात, आधी तिथे बघा.) कारकून काकांनी विचारलं, "जमिनीचं काही आहे का?" मी म्हटलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही.

१९५६ च्या वारसा कायद्याने मुलीही वारस झाल्या. त्यामुळे त्यानंतर बाप गेला तर वारसाच्या फेरफारात लग्न झालेल्या मुलींचीही नावं येऊ लागली. बऱ्याचदा लगेच पुढे हक्कसोड पत्र येतं, ते वेगळं दुखणं. आणि मुलगी आधीच मेली असेल तर तिची मुलं वारस. आजीचे आजोबा १९६३ मध्ये वारले. त्या वर्षीच्या फेरफारात तीन मुलगे, एक मुलगी, आणि शेवटच्या ओळीत: मयत मुलगी अमुक भ्र. तमुक, तिची मुलगी. पुढे माझ्या आजीचं नाव.

'भ्र.' म्हणजे भ्रतार. त्यापुढे पणजोबांचंच नाव होतं. पण बायकोचं नाव आम्हाला माहीत असलेलं नव्हतं. तलाठ्याने माहेरच्या लोकांना विचारून लिहिलं, म्हणून माहेरचं नाव लिहिलं गेलं. तीन अक्षरी, नदीचं.

ते इथे सांगत नाही, आजीने नको म्हटलंय. गावात अजून भावकी आहे आणि साठ वर्षांनी वारसाचं नाव घेऊन कुणी आलं की लोकांना आधी बांध दिसतो. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दार लोटलं गेलं. मला दोघांचंही पटलं.

घरी येऊन मी नक्कल आजीच्या हातात दिली. चष्मा लावून तिने आधी स्वतःचं नाव वाचलं, मग वरचं. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हे माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. सावत्र. म्हणजे बाबांनीच ठेवलं असणार."

याबद्दल तिला अजून विचारायचंय. तोवर तुमच्या माळ्यावरची भांडी काढा, काठाखाली बघा आणि अक्षरं दिसली तर फोटो पाठवा.