सागरतळाचे कवच व पोलादपूरचा बेसाल्ट

महासागरांचा तळ दृष्टीआड असल्याने त्याचे अध्ययन मुख्यतः ध्वनी, गुरुत्व, भूकंपतरंग व चुंबकत्व यांच्या मापनांवर आधारलेले आहे. या अध्ययनातील एक निर्णायक टप्पा अरबी समुद्रात घडला आणि त्याचा जमिनीवरील पडताळा रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांलगतच्या सह्याद्रीत मिळतो.

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजावरील संशोधकांनी १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमधील मेअरिआना खंदकात वजन बांधलेली दोरी सोडून ८,००० मी. हून अधिक खोली नोंदविली. खंदक हा केवळ खोल खड्डा नव्हे, हे कळण्यास मात्र आणखी अर्धशतक लागले. डच भूभौतिकीविज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांनी १९२३ पासून पाणबुडीतून लंबक नेऊन गुरुत्व मोजले. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात लंबक निरुपयोगी ठरतो. पाण्याखालील स्थिरतेत तो काम देतो. जावा खंदकालगत गुरुत्व अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आढळले. तेथील कवच कोणत्या तरी बलाने खाली ओढून धरले असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. पुढे जपानमधील कियू वादाती यांनी दाखविले की, खोल भूकंपांची केंद्रे खंदकाच्या बाजूकडून भूखंडाखाली उतरत जाणाऱ्या तिरप्या पट्ट्यात असतात.

अरबी समुद्राच्या तळाचे पहिले सविस्तर सर्वेक्षण सीमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखालील जॉन मरी मोहिमेने १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या ईजिप्शियन जहाजातून केले. प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या उपकरणाने कार्ल्सबर्ग या बुडालेल्या पर्वतरांगेचा विस्तार व तिच्या माथ्यावरील दरी लक्षात आली. या दरीचा अर्थ लागण्यास आणखी तीन दशके जावी लागली. दरम्यान १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दक्षिण ट्रॅपमधील बेसाल्टाच्या नमुन्यांतील चुंबकत्व मोजले. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेवरून हे खडक विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस थिजले असल्याचे दिसून आले. भारत उत्तरेकडे सरकला, याचा हा सबळ पुरावा होता. परंतु भूखंड कशामुळे सरकतात हे सांगता येत नसल्याने भूखंडे स्थिर मानणाऱ्यांचे त्याने समाधान झाले नाही.

उत्तर सागरतळाकडून आले. ‘ओवेन’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने १९६२ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मापने केली. त्यांचे विवेचन करून फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूझ यांनी १९६३ मध्ये असे मांडले की, रांगेच्या माथ्यावर शिलारस वर येऊन नवे कवच बनते व ते दोन्ही बाजूंस सरकते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेळोवेळी उलटत असल्याने या कवचात सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात. निर्माण होणारा तळ कोठे तरी नष्टही व्हावयास हवा. खंदकांचे कार्य हेच होय. त्यामुळेच महासागरांच्या खोऱ्यांत सु. २० कोटी वर्षांहून फारसे जुने कवच सापडत नाही.

अरबी समुद्राचे कवच उत्तरेस मकरान किनाऱ्याखाली शिरते. तेथील खंदक गाळाने भरून गेल्यामुळे नुसत्या खोलीच्या मापनात तो दिसत नाही. परंतु २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे झालेल्या तीव्र भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली आणि तेथे प्राणहानी झाली. कोकणच्या दृष्टीने हा खंदक दूरचा असला, तरी उपेक्षणीय नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या परिसरात लाव्हाप्रवाहांची सु. १,२०० मी. जाडीची चळत उघडी पडली आहे. कीथ कॉक्स व क्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रासायनिक घटकांवरून तिचे पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर असे चढत्या क्रमाने शैलसमूह केले. पोलादपूर या तालुक्याच्या गावाचे नाव जगभरच्या भूविज्ञानीय लेखनात आढळते, ते यामुळेच. कोयनेच्या १९६७ मधील भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किनाऱ्यापासून घाटापलीकडे केळशी–लोणी व गुहागर–चोरोची या रेषांवर कृत्रिम स्फोटांच्या तरंगांनी कवचाचा वेध घेतला. येथील कवच ३५–४० किमी. जाड आहे, महासागरी कवच सरासरी ६-७ किमी. असते. एवढ्या जाड कवचातून वर येताना पोलादपूर समूहाच्या शिलारसात भूखंडीय द्रव्य मिसळले. त्यावरील आंबेनळी समूहात ही भेसळ अत्यल्प असून त्याचे रासायनिक स्वरूप सागरतळावरील बेसाल्टाच्या बरेच जवळ जाते. घाटातील खडकाची सागरी कवचाशी असलेली ही जवळीक विशेष उल्लेखनीय होय.

चुंबकत्वही हाच संबंध दाखविते. पोलादपूर व आंबेनळी समूहांतील प्रवाह उलट चुंबकत्वाचे असून चळतीच्या माथ्याकडे सुलट चुंबकत्व येते. १९८६ मध्ये कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उलट कालखंडाची सांगड सागरतळावरून ठरविलेल्या कालक्रमातील ‘२९ उलट’ या खंडाशी घातली व ट्रॅपचा मोठा भाग अल्पावधीत बाहेर पडल्याचे प्रतिपादिले. भारत व सेशेल्स यांच्या दरम्यान निर्माण झालेल्या तळावरील सर्वांत जुने पट्टे याच्या थोडे नंतरचे, सु. ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे लाव्हा ओतला गेल्यावर लवकरच सेशेल्स भारतापासून तुटून दूर जाऊ लागले.

कालनिर्णयाचा वाद मात्र मिटलेला नाही. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत अशनी आदळला व डायनोसॉरांचा लोप झाला. २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांपैकी एकात झिरकॉन खनिजाच्या वयांवरून पोलादपूर समूहाचा उद्रेक या आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाल्याचे, तर दुसऱ्यात आर्गॉन पद्धतीने लाव्हाचा बहुतांश भाग आघातानंतर बाहेर पडल्याचे अनुमान आहे. दोन्ही पद्धतींच्या वयांतील अनिश्चितता लक्षात घेता, आघाताची पातळी पोलादपूर समूहाच्या तळाशी मानावी की त्याच्या वर, याचा निर्णय आणखी काटेकोर मापनांवर अवलंबून आहे.